एका प्रजातीच्या दोन होतात तेव्हा...

पावसाळ्याच्या सुरुवातीला आंबोलीच्या घाटमाथ्यावर ज्यांनी एखादी रात्र काढली आहे, त्यांना तिथल्या अंधाराचा आवाज सहसा विसरता येत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर साचलेली डबकी, त्यांवर झुकलेल्या फांद्या, रस्त्याकडेची झुडपे अशा सगळीकडून बेडूक ओरडत असतात. नवख्या माणसाला तो सारा एकच कोलाहल वाटतो. जाणकार मात्र डोळे मिटूनही सांगतो, की ही हाक झुडपातल्या इवल्याशा बेडकाची, ती फांदीवरच्या मलबारी उडत्या बेडकाची आणि पलीकडची खडकावर बसलेल्या आंबोली भेकाची. या जाणकारापेक्षाही अचूक कान त्या अंधारात हजर असतात. ते माद्यांचे. बेडकाच्या मादीचा कान आपल्याच प्रजातीच्या नराच्या आवाजाशी जुळलेला असतो. बाकीच्या हाका तिच्या लेखी जणू नसतातच. एकाच डबक्याच्या काठी, एकाच रात्री, एकाच पावसात अनेक प्रजातींचे मीलन चालू असते आणि तरीही त्यांची सरमिसळ होत नाही.

ही सरमिसळ का होत नाही, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. पण पृथ्वीवरील जीवसृष्टी इतकी विविध का आहे, या मोठ्या प्रश्नाची किल्ली त्यातच दडलेली आहे. चार्ल्स डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. सजीव बदलतात आणि नैसर्गिक निवडीमुळे परिस्थितीशी जुळवून घेतात, हे त्यांनी भरभक्कम पुराव्यांनिशी दाखवून दिले. मात्र एका प्रजातीच्या दोन प्रजाती नेमक्या कोणत्या क्षणी आणि कशाने होतात, या कोड्याचे समाधानकारक उत्तर ग्रंथाच्या नावात ‘प्रजातींचा उगम’ असूनही त्यात नव्हते. ते मिळायला आनुवंशशास्त्राचा उदय व्हावा लागला आणि त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले.

प्रजाती म्हणजे काय?

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. इंग्रजीत ज्याला स्पीशीज म्हणतात, त्याला मराठीत कोणी जाती म्हणतात, कोणी प्रजाती. या लेखात ‘प्रजाती’ हाच शब्द वापरला आहे. रूप सारखे ते एका प्रजातीचे, असे आपण ढोबळपणे मानतो. पण रूप फसवे असते. ग्रेट डेन आणि पॉमेरेनियन यांच्यात आकाशपाताळाचे अंतर दिसते, तरी दोघेही कुत्रेच. उलट, पानांआड वळवळणारे कित्येक वटवटे पक्षी हातात घेऊन पाहिले तरी वेगळे ओळखता येत नाहीत, पण त्यांच्या प्रजाती निराळ्या असतात. इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात अशा तीन सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांना केवळ त्यांच्या गाण्यांवरून वेगळे केले होते.

मग कसोटी कोणती? १९३७ मध्ये थिओडोसियस डॉबझान्स्की आणि १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर यांनी जी कसोटी पुढे ठेवली, ती आजही सर्वाधिक वापरली जाते. जे सजीव निसर्गात आपापसांत प्रजनन करतात आणि ज्यांची संततीही प्रजननक्षम असते, त्यांची एक प्रजाती. दोन समूहांमध्ये असे प्रजनन होत नसेल, तर त्या दोन प्रजाती. या दुराव्याला प्रजननविलगता म्हणतात. मराठी माणसाला ही कल्पना समजायला एक तयार शब्द आहे: बेटीव्यवहार. एका रानात राहणे, एकाच झाडाची फळे खाणे, म्हणजे रोटीव्यवहार, चालू असला तरी बेटीव्यवहार बंद असेल तर प्रजाती वेगळ्या.

ही विभागणी केवळ शास्त्रज्ञांच्या डोक्यातून निघाली, असेही नाही. मायर तरुणपणी न्यू गिनीच्या डोंगरांत पक्ष्यांचा अभ्यास करायला गेले होते. त्यांनी तिथे १३७ प्रजाती वेगळ्या ओळखल्या. स्थानिक आदिवासींकडे त्यांपैकी १३६ प्रजातींसाठी स्वतंत्र नावे होती. पक्षी मारून त्यावर गुजराण करणारा शिकारी आणि संग्रहालयासाठी नमुने जमवणारा शास्त्रज्ञ यांनी एकमेकांना न विचारता निसर्गात जवळपास त्याच रेषा पाहिल्या होत्या. त्या रेषा आधीपासूनच तिथे होत्या.

भिंती कशा कशा असतात

या रेषा आखणाऱ्या भिंतींचे दोन मोठे वर्ग पडतात. काही भिंती मीलनाआधी किंवा फलनाआधीच आड येतात. आंबोलीच्या बेडकांची हाक ही त्यातली एक. काजव्यांच्या लुकलुकण्याचा ताल, पतंगांच्या मादीचा गंध, पक्ष्यांचा रंग आणि नाच ही तशीच उदाहरणे. कधी वेळ आड येते. एका वनस्पतीचा बहर संपल्यावर दुसरीचा सुरू होत असेल, तर परागांची भेटच होत नाही. कधी परागवाहक वेगळे असतात, कधी शरीराची रचनाच जुळत नाही. समुद्रात अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून देणाऱ्या प्राण्यांमध्ये मीलनच नसते. तिथे शुक्राणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन अंड्याच्या आवरणाला चिकटते की नाही, यावर सारे ठरते.

दुसऱ्या वर्गातल्या भिंती फलनानंतरच्या असतात. त्यांचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे खेचर. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला येतात ६३. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. खेचराच्या पेशीत त्या नीट लागत नाहीत. म्हणून बळकट आणि काटक असूनही खेचर वंध्य ठरते. घाटातून ओझी वाहताना ते आईबापांच्या तोडीस तोड असेल, पण घोडा आणि गाढव यांच्यातला जनुकांचा मार्ग त्याच्यापाशी येऊन थांबतो.

या संदर्भात जे. बी. एस. हाल्डेन यांची आठवण होणे साहजिक आहे. हा ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्याचे निधन झाले. १९२२ मध्ये त्यांनी एक नियम मांडला होता. संकरित संततीत नर किंवा मादी यांपैकी एकच वंध्य किंवा दुर्मीळ असेल, तर ती बहुधा दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असलेली बाजू असते. सस्तन प्राण्यांत ती नराची असते, पक्ष्यांत मादीची. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात वाघ आणि सिंहीण यांच्या संकरातून जन्मलेल्या ‘टायगॉन’ माद्यांना पुढे सिंहापासून पिल्ले झाली. अशा संकरातील नर मात्र वंध्य असतात.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाघ आणि सिंह यांचा संकर पिंजऱ्यात होऊ शकतो, मग त्या दोन प्रजाती कशा? उत्तर कसोटीच्या शब्दांतच आहे: ‘निसर्गात’. वाघ दाट रानात एकटा फिरणारा, सिंह मोकळ्या माळावर कळपाने राहणारा. एकेकाळी भारतात दोघांचे प्रदेश काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले होते, तरी वाघ वाघ राहिला आणि सिंह सिंह. पिंजऱ्यात दुसरा पर्याय नसताना जे घडते, त्यावरून रानातला व्यवहार ठरवता येत नाही.

भिंत बांधतो कोण?

आता मूळ कोड्याकडे वळू. संकरित संतती वंध्य निघणे हे आईबापांच्या दृष्टीने नुकसानच. मग नैसर्गिक निवडीने अशी नुकसानकारक भिंत उभी केली तरी कशी? डॉबझान्स्की आणि हर्मन म्युलर यांनी दिलेले उत्तर असे, की बहुतेक वेळा ही भिंत कोणी बांधतच नाही. ती दुसऱ्याच बदलांच्या ओघात नकळत उभी राहते.

समजा, एका समूहाचे नदी किंवा डोंगर आड आल्यामुळे दोन तुकडे झाले. पहिल्या तुकड्यात एका जनुकात बदल झाला. तो तिथल्या उरलेल्या जनुकांबरोबर बिनबोभाट काम करतो, म्हणून टिकला. दुसऱ्या तुकड्यात वेगळ्याच जनुकात वेगळा बदल झाला. तोही तिथल्या घरात सुखाने नांदला. पण हे दोन बदल एकाच शरीरात एकत्र कधी आलेच नव्हते. त्यांचे एकमेकांशी पटते का, याची परीक्षा निसर्गाने घेतलेलीच नव्हती. हजारो पिढ्यांनंतर दोन्ही तुकडे पुन्हा भेटले आणि संकर झाला, की ती परीक्षा प्रथमच होते. पुष्कळदा त्यात नापास होण्याची पाळी येते. दोन गावांत राहणाऱ्या दोन कारागिरांनी एकाच जुन्या कुलपात आपापल्या सोयीने बदल करत जावेत आणि शेवटी एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागू नये, तसा हा प्रकार आहे. भांडण कोणाचेच नसते. फक्त भेट बंद झालेली असते.

याचा अतिशय देखणा पुरावा मध्य अमेरिकेत सापडतो. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी भूपट्टी समुद्रातून वर आली आणि पॅसिफिक महासागर कॅरिबियन समुद्रापासून तुटला. तिथल्या उथळ पाण्यात नांगीने टिचकी मारणारी एक कोळंबी राहते. भूपट्टीमुळे तिच्या अनेक प्रजातींचे दोन दोन तुकडे झाले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. १९९३ मध्ये नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या ‘बहिणी-बहिणीं’मधील नर-माद्या प्रयोगशाळेच्या टाकीत एकत्र आणल्या. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या कोळंब्या मीलनाऐवजी बहुधा एकमेकींवर टिचक्या मारू लागल्या. एकाच समुद्रातील जोड्यांपैकी सुमारे ६० टक्के जोड्यांना जिवंत संतती झाली. दोन समुद्रांमधील जोड्यांपैकी हे जमले अवघ्या १ टक्क्याला. जमिनीच्या एका पट्टीने सुरू केलेले काम काळाने जवळजवळ पुरे केले होते.

एवढा काळ थांबणे कोणाला शक्य नाही. म्हणून डायन डॉड या संशोधिकेने फळमाश्यांवर एक साधा प्रयोग केला, तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच मूळ समूहातील माश्यांचे काही गट स्टार्चयुक्त अन्नावर आणि काही माल्टोज या शर्करेवर अनेक पिढ्या वाढवले गेले. नंतर त्यांना एकत्र सोडल्यावर स्टार्चवर वाढलेल्या माश्या स्टार्चवाल्यांना आणि माल्टोजवर वाढलेल्या माल्टोजवाल्यांना पसंती देऊ लागल्या. जोडीदाराच्या निवडीसाठी डॉड यांनी त्यांना काहीच शिकवले नव्हते. बदलले होते ते फक्त जेवण.

ढगांतली बेटे

असा प्रयोग निसर्गाने आपल्या पश्चिम घाटात फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवला आहे. केरळ आणि तमिळनाडूच्या उंच डोंगरमाथ्यांवर शोला नावाची थंड, ओलसर रानांची बेटे आहेत. त्यांच्यामध्ये पसरलेल्या उष्ण, सखल दऱ्या तिथल्या पक्ष्यांसाठी समुद्रासारख्याच दुर्लंघ्य ठरतात. त्यांतली सर्वात मोठी खिंड म्हणजे सुमारे ३० किलोमीटर रुंदीची पालघाटची खिंड. रेल्वेने कोईमतूरहून केरळात उतरणारा प्रवासी ती तासाभरात ओलांडतो. शोलातील छोट्या पक्ष्याला ती लाखो वर्षांत ओलांडता आलेली नाही.

व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांच्या डीएनएचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २०१७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पूर्वी आशियातील इतर पक्ष्यांचे नातलग म्हणून गणले गेलेले हे पक्षी प्रत्यक्षात पश्चिम घाटाच्या स्वतंत्र शाखा आहेत. त्यांना ‘शोलिकोला’ आणि ‘माँटेसिंक्ला’ अशी नवी कुलनामे मिळाली. निलगिरीवरचा पक्षी वेगळा, पलनीचा वेगळा, अगदी दक्षिणेकडील अगस्त्यमलईच्या बाजूचा आणखी वेगळा, अशी या कुटुंबांची मांडणी आहे. नकाशावर खिंडी आखाव्यात आणि त्याच रेषांवर प्रजातींच्या सीमा सापडाव्यात, असे हे चित्र आहे.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही असे एक भावंडांचे जोडपे आलेले आहे. कोयना परिसरातून १९६३ मध्ये एका छोट्या भेकाची नोंद झाली, तो कोयना भेक. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीच्या सड्यावरील भेक वेगळ्या प्रजातीचा असल्याचे दाखवले आणि या दोघांसाठी ‘झँथोफ्राइन’ हे स्वतंत्र कुल निर्माण केले. अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून आंबोलीच्या भेकाला ‘टायगेरिना’ हे नाव मिळाले. दोघांच्या घरांमध्ये सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर आहे. साऱ्या जगात हे कुल सापडते ते फक्त इथे, सह्याद्रीच्या काही तुकड्यांवर.

मायर यांच्या कसोटीची मर्यादाही या जोडीमुळे लक्षात येते. जे समूह कधी भेटतच नाहीत, त्यांचा बेटीव्यवहार बंद आहे की फक्त संधी नाही, हे ठरवायचे कसे? अशा वेळी शास्त्रज्ञ शरीरबांधणी, हाक, वर्तन आणि डीएनएतील अंतर असे अनेक साक्षीदार तपासतात. सर्वांची साक्ष एकाच दिशेने जात असेल, तर निवाडा दिला जातो. नवा पुरावा आला, तर तो बदलतोही. काल एक मानल्या गेलेल्या बेडकाच्या आज चार प्रजाती झाल्याची बातमी वाचून काही वाचक शास्त्रज्ञांच्या हेतूंबद्दल शंका घेतात. चार प्रजाती काल निर्माण झालेल्या नसतात. आपल्याला त्या आज दिसू लागलेल्या असतात.

डोंगराविना दुरावा

दोन समूह तुटायला डोंगर किंवा समुद्रच हवा, असेही नाही. उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाच्या रानटी झाडाच्या फळांत अंडी घालणारी एक माशी आहे. सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी तिकडे सफरचंद नेले. १८६०च्या दशकात ही माशी सफरचंदांत सापडू लागली. तिचे मीलन फळावरच होते. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीन-चार आठवडे आधी पिकते. साहजिकच सफरचंदावर वाढलेली माशी लवकर बाहेर येते, सफरचंदाच्याच वासाकडे ओढली जाते आणि तिथेच जोडीदार शोधते. दोन झाडे एकाच कुंपणाला लागून असली, तरी माश्यांचे दोन गट दूर दूर जात आहेत. ही फाटाफूट अजून पूर्ण झालेली नाही. एका प्रजातीच्या दोन होण्याची वाट इथे अर्ध्यावर पाहायला मिळते.

याहून थक्क करणारी वाट वनस्पतींनी शोधली आहे, आणि तिचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आहे. दक्षिण महाराष्ट्रात खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी नावाजलेला खपली गहू आणि रव्यासाठी वापरला जाणारा बन्सी गहू यांच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. आपल्या रोजच्या पोळीच्या गव्हात ती ४२ असतात. हा फरक आला कुठून? प्राचीन काळी पश्चिम आशियात १४ गुणसूत्रांच्या रानटी गव्हाचा १४ गुणसूत्रांच्याच एका रानगवताशी संकर झाला आणि गुणसूत्रे दुप्पट होऊन २८ गुणसूत्रांचा गहू जन्मला. पुढे, सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी, माणसाने लावलेल्या अशा गव्हाचा शेताच्या बांधावरील आणखी एका १४ गुणसूत्रांच्या गवताशी संकर झाला. एकीकडून १४ आणि दुसरीकडून ७, म्हणजे २१. जोड्या न लागणारे हे रोप खेचरासारखेच वंध्य ठरायला हवे होते. पण पेशीविभाजनातील एका चुकीमुळे गुणसूत्रे दुप्पट झाली, ४२ झाली, आणि प्रत्येकाला जोडीदार मिळाला. आईबापांशी संकर केला तर संतती कमकस, आपल्यासारख्याशी केला तर भरघोस. डोंगर नाही, समुद्र नाही, लाखो वर्षे नाहीत. मोजक्या पिढ्यांत नवी प्रजाती उभी राहिली आणि आज जगाचा मोठा भाग तिच्यावर पोट भरतो. आपल्याकडचा देशी कापूस २६ गुणसूत्रांचा आणि अमेरिकन कापूस ५२ गुणसूत्रांचा, त्यामागेही असाच इतिहास आहे.

प्राण्यांत एवढी घाई क्वचितच दिसते. तरी गालापागोस बेटांवर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याला तसे एक दृश्य पाहायला मिळाले. डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर ते १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या नोंदी ठेवत होते. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरून एक दांडगा नर तिथे येऊन पोहोचला. त्याने स्थानिक मादीशी घरोबा केला. त्याचे गाणे निराळे होते आणि फिंच पक्ष्यांत मुलगे बापाचेच गाणे शिकतात. त्या गाण्याला आणि मोठ्या चोचीला स्थानिक माद्या भुलल्या नाहीत. परिणामी या घराण्याने दुसऱ्या पिढीपासून आपापसांतच लग्ने जमवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या साऱ्यावर शिक्कामोर्तब केले. हे घराणे मोजक्या पक्ष्यांचे आहे, एखाद्या दुष्काळात ते नष्टही होऊ शकते. पण भिंत किती लवकर उभी राहू शकते, हे त्याने दाखवून दिले.

धूसर सीमा आणि माणूस

वाट इतकी क्रमाक्रमाची असेल, तर मधल्या टप्प्यावर ‘एक की दोन’ या प्रश्नाला नेमके उत्तर नसणेही ओघानेच आले. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या हिरवट पर्णवटवट्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिबेटच्या पठाराभोवती त्याच्या समूहांची साखळी आहे. शेजारी-शेजारी गाणी थोडीथोडी बदलत जातात आणि सायबेरियात दोन्ही टोके भेटतात, तेव्हा ती एकमेकांना सहसा जोडीदार मानत नाहीत. हे वर्तुळ पूर्वी वाटले तितके अखंड नव्हते, असे २०१४ मधील जनुकीय अभ्यासाने दाखवले. तरी सीमा धूसर असते, हा धडा त्यामुळे बदलत नाही.

खुद्द आपल्या पूर्वजांनीही तो धडा गिरवला आहे. २०१० मध्ये स्वान्ते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथल मानवाचा जनुकसंच वाचला. आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांमध्ये एक-दोन टक्के डीएनए निअँडरथलांकडून आलेला आहे. लाखो वर्षे दुरावलेल्या त्या दोन मानवसमूहांमधील भिंत पूर्ण झालेली नव्हती.

इथे बेटीव्यवहाराच्या उपमेबाबत एक गोष्ट बजावून सांगायला हवी. आपल्या समाजातील जात ही जीवशास्त्रीय प्रजाती नव्हे, तिची सुरुवातही नव्हे. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील समूहांमध्ये सर्वदूर सरमिसळ होत होती. आपापसांतच विवाह करण्याची रूढी नंतर घट्ट झाली. म्हणजे जेमतेम पाऊणशे पिढ्यांची ही गोष्ट. आजही कोणत्याही दोन माणसांमध्ये शरीराची कोणतीही भिंत नाही. जी आहे ती रूढीची, आणि रूढीची भिंत माणसाने बांधली तशी माणसाला पाडताही येते. निसर्गातील विलगतेचा दाखला देऊन तिचे समर्थन करणे हे अज्ञानच ठरेल.

भिंती पडतात तेव्हा

मात्र निसर्गातल्या भिंती पडू लागल्या, तर ती आनंदाची वार्ता नसते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती बहरल्या. यांतील अनेक प्रजातींमध्ये दुरावा राखणारी एकच गोष्ट आहे: नराचा रंग. तांबड्या नराची मादी तांबड्याला निवडते, निळ्याची निळ्याला. शेती आणि वस्तीचा मळ वाहून आल्याने पाणी गढूळ झाले आणि मादीला रंग दिसेनासे झाले. १९९७ मध्ये ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की गढूळ भागात या प्रजाती एकमेकींत मिसळून जात आहेत आणि मागे उरत आहेत करड्या रंगाचे मासे. बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशाने अनेक प्रजाती खाऊन संपवल्या, हे सर्वांना दिसले. गढूळ पाण्याने एकही मासा न मारता प्रजाती पुसल्या, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

कोणी विचारील, की विलगतेतून नव्या प्रजाती घडत असतील, तर रस्ते, धरणे आणि वसाहतींनी जंगलांचे तुकडे पडल्याने प्रजाती वाढायलाच नकोत का? हा हिशेब काळाच्या मापात चुकतो. प्राण्यांत भिंत उभी राहायला सहसा हजारो, लाखो पिढ्या लागतात. तेवढा काळ तग धरायला समूह पुरेसा मोठा असावा लागतो. आपण पाडलेले तुकडे इतके लहान असतात, की त्यांतील प्राणी आप्तसंबंधातील प्रजननाने, रोगाने किंवा एका वाईट पावसाळ्याने त्याआधीच नाहीसे होतात. पालघाटच्या खिंडीने प्रजाती घडवल्या, कारण तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर रान होते आणि कोणालाही घाई नव्हती.

आंबोलीच्या भेकाची नोंद आययूसीएनच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झालेली आहे. साऱ्या जगात त्याचे घर म्हणजे तो सडा आणि आसपासचा छोटासा टापू. पहिल्या पावसात तो मीलनासाठी डबक्यांकडे निघतो, त्याच दिवसांत धबधबे पाहायला पर्यटकांच्या गाड्याही निघतात, आणि रस्ता दोघांचा एकच असतो. त्या रात्री एखादी गाडी जरा सावकाश गेली, तर जे वाचेल ते एका बेडकापुरते नसेल. कोयनेच्या भावंडापासून दुरावत, आपली हाक आणि आपले पट्टे घडवत त्याने केलेला तो दीर्घ प्रवास असेल. तो पुन्हा पहिल्यापासून कोणालाही करता येणार नाही.